हरकत राखून

प्रमिलाताईंच्या शोकसभेत एक माजी पदाधिकारी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "ताई मनाच्या फार भोळ्या. म्हणून तर त्या सिनेमावाल्यानं त्यांना फसवलं." विहारातल्या सतरंजीवर बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. गेलेल्या बाईला कोणी भोळी म्हटलं की आपल्याकडे माना हलतातच. ती हुशार होती असं म्हटलं, तर मग जिवंतपणी तिचं ऐकलं का नाही, याचं उत्तर द्यावं लागतं.

मी तिथं बोललो नाही. रागात माझा आवाज फाटतो आणि लोक मुद्दा सोडून आवाजच ऐकत बसतात, हे मला ताईंनीच सांगितलं होतं. म्हणून लिहितो आहे.

पवनीत कचेरीच्या फाटकासमोर त्यांची पत्र्याची टपरी होती. आत एक झेरॉक्स यंत्र, एक जुना संगणक आणि गिऱ्हाइकासाठी लाकडी बाक. बाहेरच्या पाटीवर 'मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन' असं लिहिलं होतं आणि त्याखाली ताईंनी स्वतः ऑइलपेंटनं रंगवलेली वाकडी ओळ होती : 'कागद वाचून मिळेल.' वाचण्याचे पैसे त्या घेत नसत. कागद हातात आला की तो त्या शेवटच्या पानापासून वाचायला घेत. "पहिल्या पानावर सबन गोडच असते," त्या म्हणत. "शेवटी पाहा, तिथं त्याचं पोट असते." अंबाड्यात कायम एक बॉलपेन खोचलेलं असायचं. कुठल्याही साहेबापुढे बसल्या की कागद वाचून होईपर्यंत चहाला हात लावत नसत. साहेबानं आग्रह केला तर मुद्दाम आपल्या झाडीबोलीत मोठ्यानं म्हणत, "चहा पेला का माणूस नरम पडते, साहेब. थंडा होऊ द्या." इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. वीस वर्षं वकिलांचे मसुदे टाइप केलेली बाई होती ती. पण साहेबापुढे त्या आपलीच बोली बोलत. समजून घ्यायचं काम साहेबाचं.

माझी त्यांची ओळख पत्रकामुळे झाली. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील संघटनेत होते. गादीखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकलो. त्यामुळे धरणग्रस्त समितीची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, हे आपल्याला जन्मतःच येतं. पहिलं पत्रक टाइप करायला ताईंकडे नेलं. त्यांनी वाचलं, अंबाड्यातलं पेन काढलं आणि एकेक शब्द खोडायला लागल्या. नराधम गेला. रक्तपिपासू गेला. निर्लज्ज गेला.

"हे काहून खोडलं, ताई?"

"तू त्याले नराधम म्हटलं तं तो घरी जाऊन बायकोले दाखवून हासते. त्याचं पद लिही. कोणत्या तारखेले कोणत्या टेबलावर कागद अडवला, ते लिही. पदाले भेव वाटते, गा."

तेव्हापासून मी रागावून लिहितो आणि ताईंसारखं खोडतो. या लेखातही पुष्कळ खोडलं आहे. तरीही काही उरलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

ताईंचं गाव वाकडटोला, वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गेलं. मोबदला वाटायचं शिबिर शाळेच्या पटांगणात लागलं त्या दिवसाची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. टेबलावर पावत्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पावतीवर आधीच छापलेलं होतं, 'सदर रक्कम पूर्ण समाधानाने स्वीकारली.' लोक रांगेत उभे होते. ताई पुढे गेल्या, एक पावती उचलून वाचली आणि रांगेकडे तोंड करून म्हणाल्या, "समाधान कोनाले झालं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मंग हे कोनाचं समाधान छापून राहिले?"

साहेब म्हणाले, नमुना वरून आला आहे, बदलता येत नाही. ताईंनी वाद घातला नाही. कायद्यातली वाट त्यांना माहीत होती : मोबदला घेताना हरकत नोंदवली तर वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाता येतं, न नोंदवता घेतला तर दार बंद. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, छापलेलं राहू द्या, त्याखाली आपल्या हातानं दोन शब्द लिहा, 'हरकत राखून', आणि मग सही करा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना त्यांनी पटांगणातल्या धुळीत काडीनं ती अक्षरं काढून दाखवली. वाटप दुपारपर्यंत थांबलं. म्हाताऱ्या बाया धुळीत 'हरकत' गिरवत बसल्या आणि साहेब छत्रीखाली बसून घड्याळ पाहत राहिले. वाकडटोल्यात अशा काही बाया होत्या, ज्यांना स्वतःचं नाव कधी लिहिता आलं नाही, पण 'हरकत राखून' लिहिता यायचं.

त्या दोन शब्दांवर पुढे कोर्टात दावे उभे राहिले. शेजारच्या गावच्या लोकांनी नुसते अंगठे दिले होते, ते बाहेरच राहिले. तेव्हापासून आमच्या लोकांना सवयच लागली. शाळेचा दाखला असो, गॅसचं कार्ड असो, सहीच्या वर 'हरकत राखून' लिहायचंच. बँकेतला मॅनेजर डोक्याला हात लावायचा. लोक हसत, पण लिहीत. ताईंनीही त्या दोन शब्दांशिवाय सही कधी केली नाही.

सिनेमाचं खूळ त्यांना गाव उठायच्या आधीच्या दोन वर्षांत लागलं. पवनीच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना विकायला काढला. ताईंनी तो घेतला. संध्याकाळी टपरी बंद करून गावात जायच्या आणि घरोघरी माणसांना त्यांच्याच दारात बसवून एकच प्रश्न विचारायच्या : "तुह्या दारातून काय दिसते?"

बस, एवढंच. सरकारवर काय मत आहे, विकास म्हणजे काय, यातलं काही नाही. आणि माणसं बोलत सुटायची. कोणाच्या दारातून तळ्याची पाळ दिसायची, कोणाच्या दारातून विहाराचा निळा झेंडा, कोणाच्या दारातून जावेची चूल. कवडूबाबा नावाचे एक म्हातारे होते, नदीत मासे धरणारे. त्यांनी सांगितलं, माझ्या दारातून नदी दिसत नाही, मधे चिंचेचं झाड आहे; पण झाडाखाली बसून बायको जाळं दुरुस्त करायची, ती दिसायची; ती मेली तेव्हापासून ती जागा दिसते. एवढं सांगून बाबा बराच वेळ गप्प बसले आणि ताईंनी कॅमेरा बंद केला नाही. मी ते चित्रण पाहिलं आहे. माझी सगळी पत्रकं त्या गप्प बसण्यापुढे फिकी आहेत.

नव्या वसाहतीत सगळी दारं डांबरी रस्त्याकडे आहेत. प्रत्येकाला समोरच्याचं दार दिसतं. ताईंचा सिनेमा यावरच होता : बुडालेलं गाव, एकेका दारातून पुन्हा पाहायचं. पटकथा त्यांनी टपरीतच टाइप केली. पण संकलन, आवाज, पुढचं चित्रण, हे सगळं टपरीच्या कमाईत होणारं नव्हतं. निर्माता हवा होता.

त्या माणसाला ताईंकडे मी नेलं. हे वाक्य लिहून टाकलेलं बरं.

नागपूरला लघुपटांची एक कार्यशाळा होती, तिथं तो व्याख्यान द्यायला आला होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. आपलं नाव कुठं ना कुठं छापून यावं याची त्याला फार हौस आहे. आपण 'पिच' करतो असं त्यानं सांगितलं. म्हणजे कुणाचा तरी सिनेमा घेऊन गोव्याच्या, मुंबईच्या चित्रपट बाजारात जायचं आणि पैसेवाल्यांपुढे सात मिनिटांत तो असा मांडायचा की त्यांनी पैसे घालावेत. छोट्या गावातल्या दिग्दर्शकाला तिथं कोणी उभं करत नाही, म्हणून मधला माणूस लागतो. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

तो वसाहतीत आला तेव्हा पोरांना वाटलं क्रिकेटचा माणूस आला, पीच बनवणार. खरं काय ते समजल्यावरही त्याचं नाव 'पिचवाला'च पडलं. तो सगळ्यांच्या पाया पडला. कवडूबाबांचं चित्रण पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खोटं असतं तर सोपं होतं. अशा माणसांना खरोखर रडू येतं, आणि मग ते कागद काढतात.

कागद अकरा पानांचा होता, इंग्रजीत. ताईंनी चहा बाजूला ठेवला आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. तासभर वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, "चोवीस महिने हा सिनेमा तुमच्याशिवाय कोनीच कोनाले दाखवाचा नाई, असं लिहिलं आहे. बरोबर?"

"हो ताई, एक्स्क्लुझिव्ह. तसं नसलं तर बाजारात कोणी सीरियसली घेत नाही."

"आनि तुम्ही कोनाले दाखवलंच नाई तं? इथं लिहून आहे, तुमच्या सोयीनं दाखवान."

"ताई, मी दाखवणारच. त्यासाठीच आलो ना इतक्या लांब."

"मंग तसंच लिहा ना. कोनाकोनाले दाखवलं, त्याची यादी दर तीन महिन्याले द्यान, असं लिहा."

तो हसला. "हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे ताई. सगळे हाच सही करतात. मोठेमोठे दिग्दर्शकसुद्धा. यात मला बदल करता येत नाहीत, वरून येतो."

आणखी एक कलम ताईंनी त्याला बोट ठेवून दाखवलं : पिचिंगसाठी तो कथेत जे काही नवं घालेल ते त्याचं. आणि आणखी एक : या साहित्याचे सगळे हक्क माझ्याकडे आहेत अशी लेखिका हमी देते. म्हणजे ताईंना सगळं दिसलं होतं. त्या माजी पदाधिकाऱ्यांना हे कोणी सांगेल का? बाईनं अकराच्या अकरा पानं वाचली होती. कुठं काय दडलंय ते तिला समजलं होतं.

आणि तरी तिनं सही केली. कशी केली, ते सांगतो. तिनं अंबाड्यातलं पेन काढलं आणि प्रत्येक पानावर, अकराही पानांवर, सहीच्या वर लिहिलं : 'हरकत राखून.'

पिचवाल्यानं विचारलं, हे काय? मी कौतुकानं त्याला वाटपाच्या शिबिराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "वा! हे तर सिनेमात पाहिजे." त्यानं त्याचा फोटोही काढला. ताईंनी मग चहा घेतला. थंड झालेला.

पुढचे चौदा महिने काही घडलं नाही. फोन केला की तो कुठल्या तरी विमानतळावर असे. "ताई, बोलणं चालू आहे." कुणाशी चालू आहे ते सांगत नसे, सांगायला करारात कुठं बांधलेला होता? ताई कधीकधी टपरीत बसून पटकथा पुन्हा टाइप करत. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला दाखवू. त्या म्हणाल्या, "चोवीस महिने म्हटलं ना. आपन शब्द देल्ला." समोरच्यानं काहीच दिलेलं नसताना आपण दिलेला शब्द पाळायचा, ही आमच्या लोकांची खोड. मला तिचा राग येतो. ती नसती तर ताई ताई नसत्या, म्हणून आणखी राग येतो.

पंधराव्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या चित्रपट करणाऱ्या बायकांच्या एका गटाचं पत्र आलं. करार व्हायच्या आधी त्यांनी ताईंचं दहा मिनिटांचं चित्रण कुठं तरी पाहिलं होतं. सिनेमा पुरा करायचा खर्च आम्ही उचलतो, त्यांनी लिहिलं होतं. सिनेमावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही एवढं पत्र मात्र तीन महिन्यांत पाठवा. ताईंनी पिचवाल्याला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला होता, मी समोर बसलो होतो.

"अरे वा, ताई, अभिनंदन. पण मग निर्माता म्हणून माझं नाव लागेल. आणि कथा मी डेव्हलप केलीय तीच घ्यावी लागेल. पाठवतो."

त्यानं पाठवली. बारा पानं. ताईंनी झेरॉक्सच्या यंत्रावर ठेवून उभ्याउभ्याच वाचली. नायक एक तरुण इंजिनियर. धरणाच्या कामावर येतो, गावाच्या प्रेमात पडतो, मग टायपिंग करणाऱ्या एका मुलीच्या प्रेमात पडतो. शेवटी ती मुलगी मरते, गाव बुडतं आणि इंजिनियर चिंचेच्या झाडाकडे बघत म्हणतो, ती मेली तेव्हापासून ती जागा दिसते.

कवडूबाबांची बायको. कवडूबाबांचं वाक्य. इंजिनियरच्या तोंडी.

ताईंनी पानं सारखी करून यंत्रावर पालथी ठेवली. मग म्हणाल्या, "गाव सरकारनं घेतलं तेव्हा निदान नोटीस देल्ली होती."

आम्ही भंडाऱ्याला एका वकीलबाईंकडे गेलो. ताईंनी त्यांचे मसुदे टाइप केले होते, त्यामुळे ओळख होती. वकीलबाईंनी करार चाळला, प्रत्येक पानावरचे ते दोन शब्द पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"प्रमिलाताई, हे इथं कशाला लिहिलंत?"

"हक्क राखाले."

"तिथं कायद्यानंच त्या शब्दांना जागा ठेवली होती. कारण तिथं तुम्ही सही केली नसती तरी जमीन जाणारच होती. इथं तुम्ही सही केली नसती तर काहीच गेलं नसतं. इथं तुमची हरकत म्हणजे सही न करणं. या शब्दांवर वाद घालता येईल, पण चार-पाच वर्षं घालावा लागेल, आणि टिकेलच असं मी सांगणार नाही."

बस. एवढंच होतं. भंडाऱ्याहून पवनीला येताना एसटीत ताई खिडकीशी बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मले वाटलं नमुना बदलत नाई. आपल्याले फकस्त खाली लिहिता येते."

मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. आमच्या लोकांच्या हातात आजवर जो कागद आला तो न टाळता येणारा होता. भूसंपादनाची नोटीस, पुनर्वसनाचा भूखंड, कारखान्यात रोजंदारीचा पास, जातीचा दाखला. छापलेलं आधीच ठरलेलं असायचं. त्याखाली दोन शब्द लिहायची जागा मिळवायलासुद्धा लढावं लागलं, आणि ती मिळाली हाच आमचा विजय होता. अशा बाईपुढे पहिल्यांदाच एक कागद आला जो ती सरळ परत देऊ शकत होती. ते तिला कोण सांगणार? मी पत्रकं लिहिणारा, व्यवस्थेवर तासभर बोलणारा. मीही शेजारी बसलो होतो आणि मलाही सुचलं नाही. पिचवाल्याला मात्र ते माहीत होतं. तो हसला ते म्हणूनच. याला भोळेपणा म्हणत असाल तर तो कोणी घडवला, तेही शोकसभेत बोला.

उठता उठता वकीलबाईंनी एक प्रश्न विचारला होता. चित्रणातल्या लोकांची लेखी परवानगी आहे का? ताई म्हणाल्या, आपल्याच गावची माणसं, त्यांच्याकडून कोणी लिहून घेतं का? वकीलबाई म्हणाल्या, मग सगळे हक्क माझ्याकडे आहेत ही हमी तुम्ही खोटी दिलीत. तो तुमच्यावर उलटू शकतो. पण परवानगी नसेल तर ते चेहरे, ते बोल त्यालाही वापरता यायचे नाहीत. लोकांनी स्वतः कळवलं तर.

दुसऱ्या दिवशी ताई टपरी बंद ठेवून वसाहतीत गेल्या. घरोघर बसल्या. आणि आधी काय केलं असेल? माफी मागितली. ज्या बाईपुढे साहेब छत्रीखाली घड्याळ पाहत बसले होते, ती रुखमाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या ओट्यावर बसून म्हणाली, "माय, तुहं बोलनं मी तुले न इचारता लोकाले देऊन टाकलं. जसं त्याहिनं आपलं गाव देल्लं." रुखमाबाईंनी विचारलं, मग आता काय करायचं. ताई म्हणाल्या, तू लिहून दे : माझा चेहरा, माझा आवाज, माझ्या दारातलं बोलणं मी कोणालाही दिलेलं नाही, कोणी वापरू नये.

"कोनालेच नाई? तुलेबी नाई?"

"मलेबी नाई."

मी मधे पडलो. म्हटलं, ताई, 'त्या माणसाला' एवढंच लिहू. तुमचा सिनेमा तरी वाचेल. त्या माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडल्या, ती ही वेळ. "मंग माह्यात आनि त्याच्यात फरक कोनता रे? तो न इचारता घेते, मीबी न इचारता घेतलं. माहं न इचारनं प्रेमाचं, अन् त्याचं चोरीचं, असं का?"

पत्रं रजिस्टर डाकेनं गेली. पिचवाल्याच्या वकिलाची नोटीस आली, नुकसानभरपाईची धमकी होती. ताईंनी ती शेवटच्या पानापासून वाचली आणि फायलीला लावली. पुढे काही आलं नाही. तंटा असलेल्या सिनेमाला बाजारात कोणी हात लावत नाही, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याचा इंजिनियर बारा पानांतच राहिला. आणि बायकांच्या गटाची तीन महिन्यांची मुदतही उलटली. त्यांनी सौम्य शब्दांत कळवलं की पैसा दुसऱ्या कामाला वळवला आहे. ताईंनी आपल्या हातानं आपला सिनेमा थांबवला होता. ही बाई फसली असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्या काळात मी एक पत्रक काढलं. तुमचा सिनेमा कोणी पिच करतो म्हणत असेल तर मुदत सहा महिन्यांच्या वर देऊ नका. कोणापुढे मांडला त्याची नावं तारखेसह मागा. मांडलंच नाही तर करार आपोआप संपेल असं लिहून घ्या. कथेत त्यानं काही घातलं तर करार संपल्यावर ते तुमचं. ताईंनी ते टाइप केलं आणि सगळ्यांत वर एक ओळ आपल्या मनानं घातली : 'हा कागद परत देता येतो.'

चोवीस महिने संपले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात नोकरीला लागलो. जायच्या आधी ताईंनी बोलावलं, म्हणाल्या, वसाहतीत चल. पिशवीत एकपानी कागद होते. त्यांनी स्वतः मसुदा केला होता, आपल्या बोलीत. वर लिहिलं होतं, 'माह्या दाराची गोष्ट परमिलाच्या पिच्चरमधी घ्याची का?' आणि खाली दोन चौकटी, हो आणि नाई, दोन्ही सारख्या आकाराच्या. छापील समाधान कुठंच नव्हतं.

पहिलं घर कवडूबाबांचं. ताईंनी कागद दोनदा वाचून दाखवला. बाबा ऐकत होते. बाहेर रस्त्यावर कुणी तरी धान वाळायला घातलं होतं, ते त्याच्याकडे बघत होते.

"नाई म्हटलं तं काही होते का?" बाबांनी विचारलं.

"काही होत नाई."

"दंड?"

"नाई."

"मंग नाई. एकडाव ते दुसऱ्याच्या तोंडात गेलं. आता ते बोलनं माह्यापाशीच राहू दे."

ताईंनी 'नाई'च्या चौकटीत बाबांचा अंगठा घेतला. मग पिशवीतून एक कॅसेट काढली, त्यावर कवडूबाबांचं नाव होतं, आणि त्यांच्या हातात दिली.

"मले हे वाजवाले मशीन कुठं आहे?"

"नसू द्या. तुमची आहे."

बाबांनी ती उलटसुलट पाहिली, धोतराच्या टोकानं पुसली आणि आत नेऊन ठेवली.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "ताई, त्या भागावर सगळा सिनेमा उभा होता. दुसरी प्रत तरी?"

"प्रत नाई ठेवली."

"मग आता सिनेमा कसा उभा राहणार?"

"नाई राहिला तं नाई राहिला." त्यांनी कागदांचा गठ्ठा काखेत मारला. त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. कागदांचं काम अर्धं झालं होतं. हो आणि नाई, दोन्ही प्रकारचे कागद त्यांच्या टपरीत एकाच फायलीत लावलेले आहेत, ज्याला पाहायचे असतील त्यानं पाहावेत.

त्या दिवशी त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. वाळत घातलेल्या धानाला वळसा घालून समोरच्या ओट्यापाशी गेल्या आणि बंद दाराकडे बघत हाक मारली.

"रुखमाबाई, आहेस का व घरी? कागद आनला आहे. याले नाई म्हनता येते."